मनकवडेपणाचे खेळ व त्यांचीं पुस्तकें

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ येऊं लागले म्हणजे वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात. दुसऱ्याच्या मनांतला पत्ता ओळखणें, पाकिटांत बंद केलेली चिठ्ठी न उघडतां वाचणें, उद्यांच्या वर्तमानपत्रांतील मथळा आज लिहून ठेवणें, असे जे खेळ रंगभूमीवर व दूरचित्रवाणीवर दाखविले जातात, ते शिकण्यास कोणतें पुस्तक घ्यावें? कधीं हाच प्रश्न पालकांकडून येतो. परंतु त्यांच्या प्रश्नांत थोडी काळजी मिसळलेली असते. "पोराला हा नाद लागला आहे, पुस्तक घेऊन द्यावें कीं न द्यावें?" असें ते विचारतात. दोघांसही एकदमच उत्तर द्यावें या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

इंग्रजींत ज्यास मेंटॅलिझम म्हणतात त्यास मराठींत सर्वांच्या तोंडीं बसलेला असा शब्द नाहीं. परंतु न सांगतां दुसऱ्याच्या मनांतलें ओळखणारास आपण मनकवडा म्हणतों. तेव्हां या कलेस मनकवडेपणाचे खेळ म्हणण्यास हरकत नाहीं. त्यांतील 'खेळ' हा शब्द मात्र कोणीं गाळूं नये. जादूगाराच्या टोपींतून ससा निघाला म्हणजे लहान मुलासही कळतें कीं ही हातचलाखी आहे. ससा शून्यांतून उत्पन्न झाला असें कोणी मानीत नाहीं. मनकवड्याच्या खेळाची गोष्ट तशी नाहीं. तेथें पुष्कळ शहाणे लोक, "याला कांहीं तरी सिद्धि असलीच पाहिजे," असें मनांत धरून घरीं जातात. पुस्तकाच्या निवडीचा प्रश्न येथें नाजूक होतो तो याचसाठीं. हार्मोनियमचें वाईट पुस्तक घेतलें तर फार तर सूर चुकेल. या विषयाचें वाईट पुस्तक घेतलें तर मुलगा स्वतः फसेल, किंवा दुसऱ्यास फसवील, आणि बहुधा दोन्ही गोष्टी होतील.

प्रथम कोणतीं पुस्तकें घेऊं नयेत तें सांगतों. जत्रेंत व रस्त्याच्या कडेला मांडलेल्या ढिगांत मोहिनीविद्या, वशीकरण, मनःशक्तीचे चमत्कार असल्या नांवांचीं पुस्तकें मिळतात. त्यांत मेणबत्तीच्या ज्योतीकडे एकटक पाहावयास सांगितलेलें असतें, श्वास कोंडावयास सांगितलेलें असतें, आणि अमुक दिवसांनीं दुसऱ्याचें चित्त आरशासारखें दिसूं लागेल असें अभिवचन दिलेलें असतें. मुदत संपून कांहींच दिसलें नाहीं म्हणजे दोष साधकाच्या श्रद्धेचा, ग्रंथकार नामानिराळा! हीं पुस्तकें टाळावींत हें पटवून देण्यास फार युक्तिवाद नको. परंतु याच कुळांतलें एक दुसरें पुस्तक हल्लीं चांगल्या दुकानांच्या कपाटांत बसलेलें असतें. त्यांत सिद्धीचें नांव नसतें, शास्त्राचें असतें. बोलतांना डोळे अमुक बाजूस वळले तर माणूस खोटें बोलतो, नाक चोळलें तर कांहीं लपवितो, अशी त्याची शिकवण असते. डोळ्यांविषयींच्या या समजुतीची रिचर्ड वाइझमन व त्यांचे सहकारी यांनीं कसून परीक्षा घेतली व २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. नजरेची दिशा आणि खोटें बोलणें यांचा कांहींएक संबंध त्यांस आढळला नाहीं. आमच्या मतें हें दुसरें पुस्तक पहिल्याहून घातक होय. पहिल्यास सुशिक्षित घरांत कोणी थारा देत नाहीं. दुसरें वाढदिवसाच्या दिवशीं भेट म्हणून येतें, आणि तें वाचून मुलगा आपल्या धाकट्या भावाचे डोळे पाहून त्यास खोटारडा ठरवूं लागतो.

मग या विद्येंत खरें असें कांहींच नाहीं काय? थोडें आहे, आणि तें फार मनोरंजक आहे. मनांत एखाद्या हालचालीचा विचार बळावला म्हणजे आपल्या नकळत स्नायू किंचित् हलतात, ही गोष्ट विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानें १८५२ सालीं मांडली. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत वॉशिंग्टन अर्व्हिंग बिशप या अमेरिकनानें व स्टुअर्ट कंबरलंड या इंग्रजानें एवढ्याच गोष्टीवर मोठी कीर्ति मिळविली. सभेंतील एकानें एखादी वस्तु लपवावी. यांनीं डोळे बांधून घ्यावे, लपविणाराचा हात धरावा, आणि त्यास ओढीत ओढीत नेऊन ती वस्तु शोधून काढावी. हात धरणारा मन वाचीत नाहीं. हाताचा ओढा वाचतो. वाट बरोबर असली म्हणजे हात सैल येतो, चुकली म्हणजे अडखळतो. या खेळास एका पैचें साहित्य लागत नाहीं, आणि करणारानें एकही असत्य वाक्य बोलावें लागत नाहीं. घरांत चार माणसें जमलीं असतां कोणींही करून पाहावा. पहिल्या दिवशीं जमणार नाहीं, दहाव्या दिवशीं बहुधा जमेल.

आमच्या वाचकांच्या आजोबांनीं तरी नंदीबैलवाला पाहिलेला असेल. गुबुगुबु वाजवीत तो दारीं येई, "यंदा पाऊस चांगला पडेल ना?" म्हणून बैलास विचारी, आणि बैल मान डोलावी. बैलास पावसाचें ज्ञान नसे. धन्याच्या खुणेचें असे. तेथें धनी तरी खूण जाणूनबुजून करी. बर्लिन शहरांत फॉन ओस्टेन नांवाच्या एका वृद्ध गणितशिक्षकाचा हान्स नांवाचा घोडा होता. तो बेरीज-वजाबाकीचीं उत्तरें खुरानें टकटक करून देई, व या कामीं लबाडी नाहीं असें १९०४ सालीं नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळासही मान्य करावें लागलें. पुढें ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानें १९०७ सालीं खरी गोष्ट उघडकीस आणली. प्रश्न विचारणारासच उत्तर ठाऊक नसलें म्हणजे घोडा चुके; विचारणारा दृष्टीआड झाला म्हणजेही चुके. ठोक्यांची संख्या पुरी होतांच विचारणाराचें डोकें केसभर हले, आणि घोडा थांबे. खूण करणारास आपण खूण करीत आहों याचा पत्ताच नव्हता! नंदीबैलवाला आणि फॉन ओस्टेन यांत हा मोठा फरक आहे. एक ठकविणारा होता, दुसरा स्वतःच ठकलेला होता. मनकवडेपणाचें पुस्तक हातीं घेणारास या दोघांपैकीं कोणाच्याही पंक्तीस बसावें लागूं नये, हीच आमची निवडीची कसोटी.

आतां घेण्याजोग्या पुस्तकांकडे वळूं. या कलेवर ग्रंथ उदंड आहेत; परंतु जाणते लोक ज्यांच्यापाशीं पुन्हां पुन्हां येतात तीं दोनच. थिओडोर अ‍ॅनेमन हा अमेरिकन (१९०७-१९४२) स्वतः हे खेळ करीत असे, आणि १९३४ पासून १९४१ पर्यंत 'जिंक्स' नांवाचें एक छोटेखानी नियतकालिक चालवीत असे. त्यांतील निवडक मजकुराचा 'प्रॅक्टिकल मेंटल इफेक्ट्स' हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९४४ सालीं निघाला. १९८३ सालीं डोव्हर या प्रकाशनसंस्थेनें तोच 'प्रॅक्टिकल मेंटल मॅजिक' या नांवानें पुन्हां काढला. तेव्हां नांवें निराळीं म्हणून कोणीं दोन्ही विकत घेऊं नयेत. चिठ्ठ्या, पाकिटें, नोटा व नाणीं, पाट्या, पत्ते, पुस्तकांतील शब्द ओळखणें, असें त्याचें क्षेत्र आहे. अ‍ॅनेमननें लिहिलें तें आपल्या व्यवसायबंधूंसाठीं. त्यामुळें तो पाल्हाळ लावीत नाहीं; साध्या साधनांनीं मोठा परिणाम कसा साधावा एवढेंच सांगतो, आणि पुढें जातो. नवशिक्यास हें जड वाटतें. शिवाय त्यांतील एक भाग आम्ही विद्यार्थ्यांसाठीं सरळ वर्ज्य मानतों. पांच चिठ्ठ्यांवर पांच नांवें लिहावयाचीं, त्यांपैकीं एक मृत माणसाचें, आणि तें खेळ करणारानें ओळखावयाचें, अशा प्रयोगांचें त्यांत एक स्वतंत्र प्रकरण आहे. समोर बसलेल्या एखाद्या बाईनें त्या चिठ्ठीवर गेल्या वर्षीं वारलेल्या मुलाचें नांव लिहिलें असेल. तिच्या चेहऱ्याकडे पाहून टाळ्या घेण्याचें काम शाळकरी मुलानें करूं नये; मोठ्यांनींही करूं नये असें आमचें मत आहे.

दुसरा ग्रंथ टोनी कोरिंडा या इंग्रज जादूगाराचा 'थर्टीन स्टेप्स टु मेंटॅलिझम' हा होय. तो प्रथम तेरा सुट्या पुस्तिकांच्या रूपानें निघाला व १९६१ च्या सुमारास एकत्र बांधला गेला. एकच पुस्तक घ्यावयाचें असेल तर आम्ही हेंच सांगूं. मात्र त्याच्या नांवांत पायऱ्या आहेत म्हणून पहिलीपासून चढावयास लागावें हा सर्वांचा समज चुकीचा आहे. पहिली पायरी एका चिमुकल्या उपकरणाविषयीं आहे. त्यास पाश्चात्य खेळियांनीं 'स्वामी' हें आपल्याकडचें नांव दिलें आहे. त्याचा उपयोग काय तें येथें सांगून आम्ही पुस्तकवाल्याच्या पोटावर पाय देणार नाहीं. एवढेंच सांगतों कीं त्यास महिनोगणती सराव लागतो, आणि तेथून आरंभ करणारा मुलगा बहुधा तेथेंच कंटाळतो. बोलण्याची व मांडणीची जी तेरावी पायरी शेवटीं छापली आहे, ती सर्वांआधीं वाचावी. मग दुसरी वाचावी. हात धरून वस्तु शोधण्याचा वर सांगितलेला खेळ त्या पायरींत येतो. मग तिसरी, स्मरणाच्या पद्धतींची. मग आठवी, दोघांनीं मिळून करावयाच्या खेळांची. भविष्यकथनाची चौथी व चिठ्ठ्यांची सहावी या त्यानंतर. पांचवींत डोळे बांधून पाहण्याचे प्रकार आहेत. आपल्या देशांत पी. सी. सरकार (१९१३-१९७१) डोळे बांधून फळ्यावरचें लिखाण वाचून दाखवीत, तो खेळ याच जातीचा. तो वर्गांत करावा. डोळे बांधून सायकल रस्त्यावर नेण्याचा मोह मात्र कोणास झाला, तर पालकांनीं पुस्तकाआधीं सायकल कुलुपांत घालावी.

आठव्या पायरीविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण आमच्या विद्यार्थ्यांची अडचण तेथेंच होते. एकानें प्रेक्षकांत फिरून वस्तु हातीं घ्यावी, आणि दुसऱ्यानें रंगमंचावर डोळे बांधून तिचें नांव सांगावें, हा खेळ फ्रान्सांतील प्रसिद्ध जादूगार रोबेर-ऊदँ यानें १८४६ सालीं आपला मुलगा एमील यास बरोबर घेऊन पॅरिसमध्यें गाजविला. प्रश्न विचारण्याच्या शब्दांतच उत्तर लपविलेलें असतें, ही त्याची एक रीत. आतां इंग्रजी पुस्तकांत दिलेल्या सांकेतिक भाषा इंग्रजी शब्दांवर रचलेल्या आहेत. मराठी सभेपुढें मध्येंच इंग्रजी शब्द पेरून बोलणारा मुलगा पहिल्या पांच मिनिटांत पकडला जाईल. म्हणून पुस्तकांतून तत्त्व घ्यावें, आणि भाषा आपली रचावी. 'सांग' म्हणजे एक, 'बोल' म्हणजे दोन, 'बरें' म्हणजे तीन, 'आतां' म्हणजे चार, असें नवांपर्यंत व शून्यापर्यंत ठरविलें, तर "बरें, आतां सांग" या साध्या वाक्यांत ३४१ हा आंकडा बसतो, व कोणास संशयही येत नाहीं. असा कोश दोघां मित्रांनीं स्वतः बसून तयार करावा. त्यांत बोलीची जी पारख लागते ती व्याकरणाच्या तासासही उपयोगी पडेल, असें आमच्या मराठीच्या शिक्षकांस वाटल्यावांचून राहणार नाहीं.

रोबेर-ऊदँचें आत्मचरित्र १८५८ सालीं प्रसिद्ध झालें व लौकरच त्याचें इंग्रजी भाषांतरही निघालें. तें खेळ शिकविणारें पुस्तक नव्हे, तरीही आम्ही त्याची शिफारस करतों, आणि ती एका हकीकतीसाठीं. बाप व मुलगा दुकानाच्या खिडकीवरून झपझप चालत जात, एकच नजर टाकीत, आणि पुढें जाऊन आपापल्या कागदावर किती वस्तु दिसल्या तें लिहून काढीत. लौकरच मुलगा बापाच्या पुढें गेला. प्रेक्षकांच्या हातांतील वस्तु क्षणांत ओळखून तिचा संकेत देण्यासाठीं लागणारी नजर त्यांनीं अशी कमावली. हा सराव आमच्या विद्यार्थ्यांनीं घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर करावा. त्यास पुस्तकही लागत नाहीं.

स्मरणाच्या बाबतींत तर आपण इंग्रजी पुस्तकावर सर्वस्वीं अवलंबून राहण्याचें कारणच नाहीं. आंकड्यांस अक्षरें देऊन त्यांचे शब्द करावे व शब्द लक्षांत ठेवावे, ही युक्ति आपल्या देशांत कटपयादि या नांवानें शेंकडों वर्षें चालत आली आहे. क, ट, प, य या चारही अक्षरांस एक. ख, ठ, फ, र यांस दोन. याच क्रमानें पुढें जावयाचें. ञ आणि न यांस शून्य. स्वर व काना-मात्रा हिशेबांत धरावयाच्या नाहींत, आणि आंकडा उजवीकडून डावीकडे वाचावयाचा. 'जय' म्हणजे १८, 'राम' म्हणजे ५२, 'कवि' म्हणजे ४१, 'लता' म्हणजे ६३. प्रेक्षकांनीं सांगितलेल्या वीस वस्तु क्रमानें, उलट क्रमानें व मधूनच विचारल्या असतां म्हणून दाखविणें, हा कोरिंडाच्या तिसऱ्या पायरींतला खेळ अशा मराठी खुंट्यांवर अधिक घट्ट बसतो. यांत फसवणूक मुळींच नाहीं. स्मरणशक्ति खरीच वाढवावी लागते. श्रीमद् राजचंद्र (१८६७-१९०१) यांचे मुंबईंतील शतावधानाचे प्रयोग असेच खरे होते. निरनिराळ्या भाषांतले शब्द देऊन गांधींनीं त्यांची परीक्षा पाहिली व ते थक्क झाले. पण राजचंद्रांनीं स्वतः हे जाहीर प्रयोग पुढें सोडून दिले, हेंही सांगितलें पाहिजे.

गणिताकडे वळणारास एक खेळ येथेंच देऊन टाकतों. देवळालीच्या शाळेंतील शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांस १९४९ सालीं एका संख्येचा शोध लागला. चार आंकडी कोणतीही संख्या घ्यावी. चारही आंकडे एकच नसावेत एवढी अट. त्या आंकड्यांपासून होणारी मोठ्यांत मोठी व लहानांत लहान संख्या करून वजाबाकी करावी, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हां तीच क्रिया करावी. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढें कितीही वेळां करा, ६१७४ च येणार. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी सात पायऱ्यांच्या आंत हेंच येतें. तेव्हां खेळ करणारानें पाकिटांत ६१७४ लिहून ठेवावें व निश्चिंत बसावें. प्रेक्षक वजाबाकींत चुकेल ही एकच भीति. आणि खेळ झाल्यावर तो उलगडून सांगितला तरी त्याची गोडी कमी होत नाहीं. उलट, असें कां होतें या विचारानें वर्गांतील चार मुलें रात्रभर जागतील.

यानंतरचा भाग सर्वांत अवघड आहे, व तो म्हणजे माणसास पाहून त्याचा स्वभाव व पूर्ववृत्त सांगण्याचा. कुडमुडे जोशी दारीं येऊन, "तुम्ही दुसऱ्यासाठीं झिजतां, पण हाताला यश नाहीं, घरांतलें एक माणूस तुमचें मन ओळखीत नाहीं," असें म्हणत, आणि घरची बाई डोळ्याला पदर लावून सूपभर धान्य घाली. हें वाक्य कोणत्या घरास लागू पडणार नाहीं? १९४८ सालीं बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या अध्यापकानें आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चांचणी घेतली, व प्रत्येकास त्याच्या स्वभावाचें वर्णन म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळतें यास पांचांपैकीं गुण द्यावयाचे होते, सरासरी ४.२६ आली. मग फोररनें सांगितलें कीं सर्वांचे कागद एकच आहेत, आणि त्यांतील बहुतेक वाक्यें फलज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकांतून उचललीं आहेत. हा प्रयोग आमच्या मतें दहावीच्या वर्गांत दरवर्षीं करावा.

रे हायमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची हकीकत तर याहून बोधप्रद आहे. तरुणपणीं दोन पैसे मिळावेत म्हणून ते हात पाहूं लागले. आरंभीं त्यांचा सामुद्रिकावर विश्वास नव्हता. परंतु लोक इतकें वाखाणूं लागले कीं त्यांस स्वतःसच तें शास्त्र खरें वाटूं लागलें. तेव्हां स्टॅन्ली जॅक्स नांवाच्या एका अनुभवी मनकवड्यानें त्यांस सुचविलें कीं कांहीं दिवस रेषांवरून जें निघतें त्याच्या नेमकें उलट सांगून पाहा. हायमननीं तसें केलें. लोक पूर्वींइतकेच खूष! वर ज्याविषयीं लिहिलें तो फॉन ओस्टेन प्रत्येक मुलाच्या पोटांत दडलेला असतो. टाळ्या मिळूं लागल्या कीं तो बाहेर येतो. म्हणून इयन रोलंड यांचें 'द फुल फॅक्ट्स बुक ऑफ कोल्ड रीडिंग' (१९९८) हें पुस्तक, जें ही कला शिकवितें तसेंच तिचें पितळही उघडें करतें, तें आम्ही लहान मुलांच्या हातीं देण्यास सांगणार नाहीं. पण त्यांच्या आईबापांनीं तें अवश्य वाचावें. ज्या घरांत तें वाचलें गेलें त्या घरांतून ज्योतिष्यास जाणारे पैसे पुस्तकाच्या किमतीहून अधिक वांचतील.

"शिकलेला माणूस फसत नाहीं," असें कोणी म्हणेल. १९७९ सालीं अमेरिकेंतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठास अतींद्रिय शक्तींच्या संशोधनासाठीं पांच लक्ष डॉलरांची देणगी मिळाली. जेम्स रँडी या जादूगारानें दोन तरुण मुलगे तेथें पाठविले. चमचे वांकविणें वगैरे प्रकार त्यांनीं साध्या हातचलाखीनें केले, व संशोधकांनीं ते बराच काळ खरे मानले. कोणती दक्षता घ्यावी हें रँडीनें त्या संशोधकांस पत्र लिहून आधींच कळविलें होतें! १९८३ सालीं सर्व प्रकार जाहीर झाला. त्या दोघांपैकीं एक पुढें बॅनाचेक या नांवानें प्रसिद्ध मनकवडा झाला व त्यानें या कलेवर चांगलीं पुस्तकेंही लिहिलीं.

हे खेळ आपल्या प्रांतांत केवळ करमणुकीचे नाहींत. एखाद्या मुलानें संमेलनांत चिठ्ठी ओळखली, कीं दुसऱ्या दिवशीं शेजारची बाई हरवलेल्या पाटलीचा पत्ता विचारावयास त्याच्या घरीं येते. असें होणार हें पालकांनीं धरून चालावें, आणि त्या बाईस मुलानें काय सांगावयाचें तें खेळाच्या आदल्या दिवशींच त्यास विचारून घ्यावें. उत्तर देतांना जो अडखळतो त्यास पुस्तक मिळालें तरी रंगमंच मिळूं नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ सालीं स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गांवोगांव याच जातीचे 'चमत्कार' करून दाखवितात व लगेच ते कसे केले तें सांगतात. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. त्याच वर्षाअखेर जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळानें मंजूर केला. युक्ति उघड करून दाखविण्याची किंमत आपल्याकडे किती असूं शकते, हें चिठ्ठ्यांचे खेळ शिकणाऱ्या मुलांस ठाऊक असावें.

पैशांविषयीं थोडें. एकेक रहस्य सुटें, बंद पाकिटांत, मोठ्या किमतीस विकणारे व्यापारी या कलेस फार आहेत. पाकीट फोडल्यावर जें निघतें तें पुष्कळदां अ‍ॅनेमनच्या जुन्या ग्रंथांत दोन परिच्छेदांत दिलेलें असतें. वर्षभर एकही उपकरण घेणार नाहीं असें मुलाकडून कबूल करून घ्यावें. कागद, पेन्सिल, पाकिटें व पत्त्यांचा एक जोड एवढ्यांत कोरिंडाचा निम्मा ग्रंथ भागतो. बारातेरा वर्षांच्या मुलास कोरिंडाही जड जाईल. त्यास मार्क विल्सन यांचा 'कंप्लीट कोर्स इन मॅजिक' (१९७५) हा चित्रांनीं भरलेला मोठा ग्रंथ द्यावा; त्यांत सर्व प्रकारची जादू असून मनकवडेपणाचाही एक भाग आहे. हल्लीं मुलें चलच्चित्रें पाहून खेळ उचलतात. त्यांत हात हुबेहूब दिसतो हा फायदा आहे. पण पाहणारा दुसऱ्याचें हसणें व बोलणेंही उचलतो, आणि मग एका शाळेंतली सहा मुलें एकाच परक्या माणसाची नक्कल करूं लागतात. पुस्तक वाचणारास बोलण्याचे शब्द स्वतः शोधावे लागतात.

डेरन ब्राउन यांच्या 'ट्रिक्स ऑफ द माइंड' (२००६) याविषयीं विद्यार्थी पुष्कळ विचारतात. स्मरणाचें प्रकरण उत्तम आहे, आणि मानसशास्त्राच्या नांवाखालीं खपणाऱ्या भोंदूपणाची हजेरीही त्यांत चांगली घेतली आहे. आपल्या खेळांत मानसशास्त्र किती आणि साधी जादू किती, हें लेखक रंगमंचावर सांगत नाहीं. पण दोन्हींचें मिश्रण आहे हें तो कबूल करतो. आरंभींच्या भागांत धर्मश्रद्धेविषयीं त्याचीं मतें तिखट आहेत. कांहीं पालकांस तीं रुचणार नाहींत. त्यांनीं पुस्तक लपवूं नये, आधीं स्वतः वाचावें, व मग मुलाशीं बोलावें. लपविलेलें पुस्तक शोधून काढण्याचाच धंदा मुलगा शिकत आहे हें विसरूं नये.

शेवटीं आमची एक सूचना ग्रंथालयाच्या चालकांस आहे. कोरिंडा, अ‍ॅनेमन, मार्क विल्सन व रोबेर-ऊदँचें आत्मचरित्र यांची एकेक प्रत घ्यावी, आणि त्यांच्याच फळीवर दाभोलकरांचें 'तिमिरातुनी तेजाकडे' ठेवावें. एका वेळीं एकच पुस्तक द्यावें, पण तें आठवड्यासाठीं न देतां महिन्यासाठीं द्यावें. एक खेळ पन्नास वेळां करून पाहिल्यावांचून बसत नाहीं, आणि आठवड्यांत परत करावयाचें पुस्तक मुलें रहस्यें चाळण्यापुरतेंच वाचतात. परत करतांना मुलानें ग्रंथपालांस एक खेळ करून दाखवावा, अशी अट घालतां आल्यास फार बरें होईल.